फुकटचा महिना संपत आला

सोमवार

गाण्यांच्या ॲपचा फुकटचा महिना, म्हणजे पैसेवाल्या खात्याची महिनाभराची चव, रविवारी संपतोय. तसा निरोप आजच फोनवर आला, आणि खाली 'वर्षाचं घ्या, पैसे वाचवा' हे आलंच. म्हणून ठरवलं, या आठवड्यात रात्री थोडंथोडं लिहून ठेवायचं. म्हणजे रविवारी घाईघाईत कार्ड बाहेर निघणार नाही.

ॲप कुठलं ते लिहीत नाही. तक्रारी बऱ्याचशा या सगळ्या जातकुळीच्याच आहेत.

दहा कोटी गाणी आहेत म्हणे. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, दोघंही हाच आकडा मिरवतात. साडेतीन मिनिटांचं एक गाणं धरलं तर दिवसरात्र न थांबता ऐकायला ६६५ वर्षं लागतील. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पावणेतीनशे वर्षं आधी कानाला लावून बसायला हवं होतं! आमच्या घराला लागतं ते तीन वेळचं: सकाळी ओट्यापाशी, मला ऑफिसच्या बसमध्ये, आणि रात्री मागचं आवरताना. त्यातलंही निम्मं तेच ते. नवं शोधून देणारा नसला तरी चालेल, जुनं मागितलं की चटकन काढून देणारा हवा.

आज सकाळी त्याची तयार यादी लावली होती, 'प्रसन्न सकाळ' की असंच काहीसं नाव. दोन बासऱ्या झाल्या, एक संतूर झालं आणि मग मारवा सुरू झाला. सासूबाई पोळी लाटता लाटता थांबल्या. "अगं, कुकर सकाळचाच लावलायस ना? मग हा दिवेलागणीचा राग कुठून आला?" त्या काही गाणं शिकलेल्या नाहीत. पण आयुष्यभर रेडिओ ऐकलेल्या माणसाला पहाटे ललत, सकाळी तोडी आणि संध्याकाळी पूरिया, मारवा हे कानानेच कळतं. ॲपला 'शांत' कळतं, 'अभ्यासाला' कळतं, 'झोपायला' कळतं. प्रहर कळत नाही.

मंगळवार

आज खरी परीक्षा. बाबांना बालगंधर्व हवे होते. रोमन लिपीत नाव जोडून लिहिलं तर एक पान उघडतं, तोडून लिहिलं तर दुसरं. दोन्हीकडे पदं वेगळी, आणि एका पानावर तर भलत्याच कुणाचा फोटो. देवनागरीत लिहिलं तेव्हा त्यांच्या नावाच्या नाट्यगृहातल्या कुठल्याशा कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण सर्वांत वर आलं. बाबा शेजारी बसून शांतपणे पाहत होते. शेवटी म्हणाले, "सापडले की हाक मार," आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले.

पद सापडलं. पण ते कुठल्या नाटकातलं, शब्द कुणाचे, चाल कुणाची, पेटीवर कोण, यातलं काहीही नाही. साल मात्र होतं, या शतकातलं! कुणीतरी डिजिटल प्रत चढवली ते साल. कुमार गंधर्व १९९२ मध्ये गेले, आणि यांच्या 'नवीन प्रकाशनां'त ते अजून अधूनमधून येत असतात.

किशोरीताई आमोणकरांचा एक ख्याल लावला. रागाचं नाव रोमनमध्ये एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरं, तिसऱ्या ठिकाणी नाहीच. तबल्यावर कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. चित्रपटगीतांचं आणखी वेगळं. तिथे कलाकार म्हणून आधी संगीतकाराचं नाव, मग गायिका, आणि गीतकार कुठल्यातरी तीन ठिपक्यांच्या आत दडलेला. आकाशवाणीच्या निवेदिका 'गीत अमुक, संगीत तमुक, आणि स्वर…' असं म्हणायच्या तेव्हा आम्हाला ते गाण्याचाच भाग वाटायचं. शाळेतल्या कविता पाठ झाल्या नाहीत, पण कुठलं भावगीत कुणाचं हे आजही झोपेत सांगेन. तो त्या एका ओळीचा प्रताप.

१९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरवलं गेलं. गाणं संपताच त्या स्वतः मोठ्यांदा आपलं नाव इंग्रजीत सांगतात. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसांना कुणाची तबकडी ते कळावं म्हणून ही रीत, असं सांगतात. सव्वाशे वर्षांपूर्वी तीन मिनिटांच्या तबकडीत नावाला जागा होती. आता फोनमध्ये जागाच जागा आहे आणि तबलजीचं नाव मावत नाही.

माझ्यापुरतं हे पक्कं झालंय. आवाज, रंगरूप, याद्या हे सगळं नंतर. ज्याच्या नोंदी धड त्याचं दुकान चांगलं. अशा तराजूत आजवरचं एकही ॲप पुरतं उतरलेलं नाही, हेही खरंच.

बुधवार

आवाजाबद्दल थोडक्यात. 'लॉसलेस'चा, म्हणजे काहीही न गाळलेल्या आवाजाचा, गाजावाजा सगळीकडे चाललाय. ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून जादा पैसे न घेता तो दिला, मग बाकीचेही मागे लागले. पण साध्या ब्लूटूथ इअरफोनवर तो तसाच्या तसा पोचत नाही, वाटेत पुन्हा दाबला जातोच. पीएमपीच्या बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर भाऊबंदकी सोडवत असताना ३२० केबीपीएस (आकडा जितका मोठा तितका आवाज कमी दाबलेला) आणि लॉसलेस यांतला फरक ज्याला कळतो त्याला माझा नमस्कार. आणि जुन्या तबकडीची लॉसलेस प्रत म्हणजे सुईची खरखर अगदी शुद्ध स्वरूपात.

ओट्यावरच्या स्पीकरवर मात्र ९६ आणि ३२० मधला फरक कळला. तानपुरा ९६ वर पाण्यात बुडवल्यासारखा वाटतो. ३२० पुरे.

गुरुवार

रात्री भूप राग लावला, पुन्हा किशोरीताईंचाच. संथ विलंबित आणि जलद द्रुत असे दोन वेगळे तुकडे करून ठेवलेत. या महिन्याआधी मी जाहिरातींच्या फुकट खात्यावर असताना त्या दोहोंच्या मधोमध कर्जाच्या जाहिरातीतला बाप्या 'पाच मिनिटांत पैसे खात्यात' म्हणून ओरडायचा. भूपाचा षड्ज अजून खोलीत, आणि हा बाप्या! नुसती ती जाहिरात जावी म्हणूनसुद्धा पैसे भरायला माझी तयारी आहे.

आज जाहिरात नव्हती, पण भलतंच झालं. विलंबित संपत आला, तानपुरा हळूहळू विरत होता, आणि त्याच्या अंगावरच द्रुत सुरू झालं. दोन तबले एकमेकांच्या पायात. मला वाटलं फोन बिघडला. मुलगी आतून म्हणाली, "अगं आई, ते मी केलंय. मैत्रिणी आल्या होत्या ना, तेव्हा." एक गाणं संपायच्या आधी दुसरं मिसळायची सोय असते, तिने ती बारा सेकंदांवर नेऊन ठेवली होती. नाचायला उत्तमच. आमच्या गाण्याला ती शून्यावर हवी, आणि दोन तुकड्यांमध्ये फटही पडता कामा नये. या ॲपला फट न पाडता वाजवता येतं, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

सगळ्यांचे आवाज एका पातळीवर आणायचीही एक खिट्टी आहे. बसमध्ये बरी, भावगीतामागून ढोलताशा आला तर कान वाचतात. ख्यालाला बंद. आलापीतला बारीक आवाज बारीकच राहू दे.

शुक्रवार

मुंबईला जाऊन आले, डेक्कन क्वीनने. कामशेतपर्यंत ठीक. खंडाळा सोडलं की बोगद्यामागून बोगदा, आणि फोनला रेंज नाही. आजूबाजूचे सगळे पडद्यावरचं गोल फिरणारं चक्र बघत बसले होते. मी काल रात्रीच उतरवून घेतलं होतं, त्यामुळे कर्जतपर्यंत निवांत. ही सोय पैसे भरणाऱ्यालाच मिळते, आणि प्रवास करणाऱ्याने हिच्यासाठी पैसे मोजले तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. ३२० वर तासाला साधारण १४४ एमबी जातात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तसं भागतं, पण घरातल्या वायफायवर रात्री उतरवून ठेवलं की त्या हिशेबात पडायलाच नको.

जाताना गीतरामायण लावलं होतं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, आठवड्याला एक अशी ५६ गाणी. ओळीने ऐकायची गोष्ट. फुकटच्या खात्यावर तिथे शफल सक्तीचं होतं. राम वनवासाला निघतोय, पुढच्या गाण्यात सेतू बांधून होतोय, आणि त्यानंतर त्याचा जन्म! बाबा तेव्हा म्हणाले होते, "हे रामायण कुणी लिहिलं?" आता पैसे भरले की राम वेळेवर जन्मतो.

आणखी एक खोड. ठरलेली यादी संपली की ॲप आपल्या मनाने पुढचं लावतं. मागच्या वेळी अभंगानंतर कुठल्यातरी जिमचं धडाधड संगीत आलं, का तर मुलगी याच खात्यावर ऐकते. ते आपोआप लागणं मी बंद करून टाकलं. गाणं संपलं की संपलं.

शनिवार

पैसे कुठे जातात ते आज वाचत बसले. आपण भरलेली रक्कम आपण ऐकलेल्या गायकाला जाते असं आपल्याला वाटत असतं. बहुतेक ठिकाणी तसं नाही. सगळ्यांचा पैसा एका हंड्यात पडतो आणि एकूण ऐकण्यात कुणाचा वाटा किती त्या प्रमाणात हक्कदारांना वाटला जातो. मी महिनाभर भारुडं ऐकली तरी माझे बरेचसे पैसे त्या महिन्यात गाजणाऱ्या गाण्याकडे जाणार. स्पॉटिफायने तर २०२४ पासून असं केलंय की आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला त्या हंड्यातून काहीच नाही. कोल्हापूर-सोलापूरकडच्या एखाद्या शाहिराने आपला पोवाडा हौसेने चढवला तर त्याची गाठ या हजाराशी. आणि गाणं मोजलं जायला तीस सेकंद ऐकावं लागतं. आपल्याकडे तीस सेकंदांत गवई नीट बसलेलासुद्धा नसतो.

दुसरं म्हणजे यातलं आपलं काहीच नाही. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिकचा स्पॉटिफायशी करार वाढला नाही, आणि लोकांच्या याद्यांतली गाणी राखाडी होऊन बसली. २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिकच बंद करायचं जाहीर केलं. तिथे वर्षानुवर्षं याद्या जमवणाऱ्यांनी काय केलं असेल! बाबांच्या कपाटातल्या कॅसेटी खराब झाल्यात, फिती ताणल्यात, पण कुणाचा करार संपला म्हणून त्या कपाटातून निघून गेल्या नाहीत. म्हणून ज्याच्यावाचून घर चालणार नाही असं जे थोडं आहे, ते सीडी किंवा विकत घेतलेल्या फायलीच्या रूपात घरात ठेवायचं. बाकीचं भाड्याने चालेल.

वर्षाचे पैसे एकदम भरायचे नाहीत, हे इथेच ठरलं. महिन्याचे भरायचे. थोडे जास्त जातील, पण गाणी गेली तर आपणही जाऊ शकतो.

रविवार

भरले. एकटीचं नाही, कुटुंबाचं घेतलं, कारण मुलीचं खातं वेगळं झाल्याशिवाय माझ्या अभंगांची जिममधून सुटका नाही. बाबांचंही वेगळं केलं, आणि त्यात फक्त मी हाताने लावलेल्या याद्या ठेवल्या. याद्यांना नावं माझी: 'सकाळ', 'दुपार', 'दिवेलागण', 'नाटकातली पदं'. यादीखाली वर्णन लिहायला जागा असते. तिथे कुठलं पद कुठल्या नाटकातलं ते लिहायला घेतलंय. बाबा सांगतात, मी टाइप करते. साथीदारांच्या नावांवरून त्यांचं आणि त्यांच्या एका मित्राचं दुपारभर फोनवर वाजलं, अजून निकाल नाही.

संध्याकाळी दिरांचा नाशिकहून फोन. "वहिनी, सहा जणांचं घेतलंत ना? मग आम्हाला दोघांना घ्या की आत." मी म्हटलं, भावजी, सगळे एकाच पत्त्यावर राहणारे लागतात. ते म्हणाले, "मग दिवाळीला येतोच आहोत!"