सहा ओळींसाठी अख्खा कर्नल

दिवाळीच्या सुट्टीत भाची नवा लॅपटॉप घेऊन आली. "मामा, उबुंटू टाकलं आणि कीबोर्डच गेला." एएमडी रायझन प्रोसेसर, उबुंटू 24.04 ही लिनक्स सिस्टिम. टचपॅड चालत होता, यूएसबीचा कीबोर्ड लावला तर तोही चालत होता. मुका होता तो फक्त लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड. पण मशीन सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या मेनूत त्याच्याच बाणांच्या कळा नीट वरखाली जात होत्या! म्हणजे कीबोर्ड शाबूत होता, कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, ताबा घेतला की गप्प व्हायचा. ती दुकानात परत द्यायला निघाली होती. मी म्हटलं, दोन दिवस थांब.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, ओळ सापडली: आयआरक्यू 1 ओव्हरराइड टू एज, हाय. आयआरक्यू 1 ही कीबोर्डची जुनी इंटरप्ट लाइन. कळ दाबली की तिच्यावरून प्रोसेसरला इशारा जातो. या लॅपटॉपच्या फर्मवेअरमधलं एसीपीआय टेबल, म्हणजे सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देणारा तक्ता, म्हणतं, लाइन 'लो' झाली की इशारा समजा. कर्नल मात्र जुन्या रिवाजाप्रमाणे 'हाय'ची वाट बघतो. दोघांची चुकामूक. अशा मॉडेलांची यादी कर्नलच्या सोर्समध्येच आहे, एसीपीआय ड्रायव्हरांच्या फोल्डरमधल्या रिसोर्स.सी या फाइलीत. मदरबोर्डाचं नाव यादीत असलं की कर्नल आपला ओव्हरराइड, म्हणजे परस्पर केलेला बदल, सोडून फर्मवेअरचं ऐकतो. मी कर्नलच्या 6.12 आवृत्तीचा सोर्स उघडला. या बोर्डाची भावंडं यादीत होती, हा नव्हता. कंपनीचं आणि बोर्डाचं नाव घातलेली सहा ओळींची नोंद, एवढीच दुरुस्ती. पण ती लागू करायची तर अख्खा कर्नल सोर्समधून नव्याने बांधायचा.

सोर्स उतरवल्यावर त्याची डिजिटल सही तपासताना अर्धा तास गेला. सही असते ती उघडलेल्या टार फाइलीवर, उतरवलेल्या एक्सझेड या दाबलेल्या फाइलीवर नाही. आधी एक्सझेड सोडवायचं आणि मग सही तपासणाऱ्या जीपीजीला द्यायचं. ही पायरी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. जो कोड मशीनच्या मुळाशी बसणार, तो कुणाकडून आलाय हे ठाऊक हवंच.

उबुंटूची चालू कॉन्फिग फाइल, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, बूट फोल्डरमधून उचलली, मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवलं आणि बिल्ड लावलं. थोड्याच वेळात अडलं. त्या कॉन्फिगमध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलच्या सर्टिफिकेट फाइलींचा पत्ता लिहिलेला असतो आणि त्या फाइली मूळ सोर्समध्ये नसतात. ट्रस्टेड कीज आणि रिव्होकेशन कीज या दोन्ही जागा रिकाम्या केल्या. दुसऱ्या वेळी दोन तास पंखा घोंघावत राहिला आणि शेवटी डिस्क भरली! उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये डीबगची, म्हणजे चुका शोधायला लागणारी माहिती चालू असते, ऑब्जेक्ट फाइली त्यामुळे प्रचंड फुगतात. शिवाय जगातल्या यच्चयावत हार्डवेअरची हजारो मॉड्यूलं, म्हणजे कर्नलचे सुटे भाग.

मग मेक क्लीन करून शहाण्यासारखं केलं. मेन्यूकॉन्फिगमध्ये डीबग बंद. मेक लोकलमॉडकॉन्फिग, म्हणजे या घटकेला जी मॉड्यूलं चालू आहेत तेवढीच ठेवायची. आवृत्तीच्या नावाला शेपटी म्हणून भाचीचं नाव जोडलं, ते तिला फार आवडलं. मेक बिनडेब-पीकेजी, आठ जॉब. मध्ये वीज गेली तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर होता. तरी मेकने अर्धवट काम पुढूनच उचललं असतं हे माहीत असल्याने जीव टांगणीला लागला नाही. 25 मिनिटांत डेब पॅकेजं तयार. डीपीकेजीने बसवली, इनिटरॅमएफएस आणि ग्रबची नोंद आपोआप झाली. जुना कर्नल मी मुद्दाम ठेवला.

रीबूट केलं तर 'बॅड शिम सिग्नेचर'. घरी बांधलेल्या कर्नलवर सही नाही आणि सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारं सिक्युअर बूट चालू. कर्नलवर स्वतःच्या डिजिटल किल्लीने सही करून ती किल्ली मशीनमध्ये नोंदवणं हा खरा मार्ग. त्या रात्री मी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, सही नंतर केली.

लॉगिनचा पडदा आला. यूएसबी कीबोर्ड मी काढून ठेवला होता. भाचीने पासवर्डचं पहिलं अक्षर दाबलं आणि चौकटीत ठिपका उमटला. ती ओरडलीच! आई स्वयंपाकघरातून धावत आली, काय पडलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी फोन: पेनड्राइव्ह दिसत नाही. चूक माझी. लोकलमॉडकॉन्फिग चालवताना पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, म्हणून यूएसबी स्टोरेजचं मॉड्यूलच गळलं. जो पेनड्राइव्ह, प्रिंटर, मोबाइल रोज लागतो, तो आधी एकदा जोडून मगच ही आज्ञा द्यावी. मॉड्यूल चालू करून पुन्हा बांधलं. बदललेलाच भाग बांधला गेल्याने काही मिनिटांत झालं.

ग्रब सगळ्यात वरची आवृत्ती आधी घेतो, त्यामुळे उबुंटूचे 6.8 चे अपडेट आले तरी आमचाच 6.12 सुरू होतो. पण म्हणूनच त्यातल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या आता उबुंटूकडून येणार नाहीत. त्या सहा ओळींचा पॅच, म्हणजे बदलाची फाइल, केला, खाली साइन्ड-ऑफ-बाय म्हणून माझं नाव लिहिलं, गेट मेंटेनर स्क्रिप्टने दाखवलेल्या, कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्यांच्या पत्त्यांवर पाठवला. तो स्वीकारला जाईपर्यंत 6.12 ची प्रत्येक नवी आवृत्ती आली की नोंद जोडून बांधायची आणि सही करून भाचीला पाठवायची, हे काम माझ्याकडे.