आधी लेक, मग जावई

जेजुरीच्या पायऱ्या चढताना मी बाणाईचं देऊळ सरळ ओलांडून निघालो होतो. मागून एका धनगर आजींनी हटकलं, "आरं, आदी लेकीला भेटावं, मग जावयाकडं जावं!"

आजींनी चिमूटभर भंडारा बाणाईला वाहिला, उरलेला माझ्या कपाळाला फासला. शर्टाची कॉलर अजून पिवळी आहे, तीन धुण्यांनंतरही.

बाणाई चंदनपुरीच्या धनगराची लेक. तिच्यासाठी मल्हारी तिच्या बापाची मेंढरं राखायला राहिला, अशी कथा. वर गाभाऱ्यात मात्र त्याच्याशेजारी म्हाळसा. बाणाई अर्ध्या डोंगरावर.

इतक्या वर्षांत मी 'येळकोट येळकोट' करत थेट वरच पळायचो. तुम्ही थांबता का तिथे?