‘खोकताना कपडा ओला होतो का?’

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमध्ये माझं स्त्री-आरोग्याचं पोस्टिंग चार आठवड्यांचं होतं, सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका सरकारी रुग्णालयात. मी कुडाळची. भाषा घरचीच, माणसं ओळखीच्या चालीरीतीची, त्यामुळे इथे आपल्याला जड जाणार नाही असं वाटलं होतं.

पहिल्या तीन दिवसांत मी अकरा जणींचे केस पेपर भरले. कुणी कंबर धरली म्हणून आलेली, कुणी गुडघ्यासाठी, कुणी बाळंतपणानंतर पोट सैल राहिलं म्हणून. प्रत्येकीला मी विचारत होते, “लघवीवर ताबा आहे ना?” प्रत्येक जण “हो” म्हणत होती आणि मी लिहीत होते, ‘तक्रार नाही’.

चौथ्या दिवशी, ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्या मॅडमनी त्यातलाच एक कागद उचलला आणि कंबरदुखीसाठी पुन्हा आलेल्या एका मावशींजवळ स्टूल ओढून बसल्या. पडदा सरकवला, आवाज खाली आणला. “मावशी, खोकताना, शिंकताना, टोपली उचलताना कपडा ओला होतो का? घडी लावावी लागते?”

मावशींनी आधी दाराकडे पाहिलं, मग मान हलवली. धाकट्या मुलाच्या वेळेपासून, म्हणजे बावीस वर्षं. “ह्या वयात असाच होतला,” म्हणाल्या. सासूचंही तसंच होतं, कोणाला काय सांगायचं.

नंतर मॅडमनी मला माझाच प्रश्न परत म्हणायला लावला. त्यातल्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेलं होतं. आणि ‘ताबा’ हा शब्द बाईला झाडल्यासारखा लागतो. माझा ताबा नाही, असं कोण कबूल करील? मी उरलेल्या दहा जणींना पुढच्या फेरीला पुन्हा विचारलं, या वेळी मॅडमच्या शब्दांत. चौघींनी हो म्हटलं.

या मावशी मासे विकतात. पहाटे किनाऱ्यावर लिलावात माल घ्यायचा, बर्फ टाकायचा, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. चार बाळंतपणं, तीन घरी. ओटीपोटाच्या तळाला पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते. त्यावर वर्षानुवर्षं ओझी, जुना खोकला, शौचाला कुंथणं यांचा दाब पडत राहिला की झोळी सैलावते आणि खोकल्याच्या क्षणी मूत्रमार्ग मिटून धरू शकत नाही. वय वाढल्यावर हे जास्त दिसतं, पण वय झालं म्हणून सोसायलाच हवं असं नाही. हे मावशींना प्लास्टिकच्या मॉडेलवर दाखवलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. चार लेकरं जिथून आली ती जागा त्या पहिल्यांदा बघत होत्या.

व्यायाम शिकवायच्या दिवशी मॅडम लेबर रूममध्ये अडकल्या होत्या, म्हणून मी एकटीनेच शिकवला. पुस्तकातलं वाक्य सांगितलं, “लघवी करताना धार मध्येच थांबवून बघा, तेच हे स्नायू.” ते फक्त स्नायू ओळखण्यासाठी, एखाद्या वेळेपुरतं असतं, हे सांगायचं राहिलं. आठवड्याने मावशी आल्या त्या तक्रार घेऊनच. दर वेळी, दिवसभर, त्या धार थांबवत होत्या आणि आता लघवी पुरी झाल्यासारखी वाटत नव्हती. धार सारखी अशी तोडली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. चूक संपूर्ण माझी होती.

मॅडमनी लघवीची तपासणी करून घेतली. मग मावशींना सगळं समजावून, त्यांची परवानगी घेऊन आतून तपासलं, आणि पुन्हा विचारून मला हातमोजा घालायला सांगितला. “आवळा” म्हटल्यावर मावशींनी श्वास रोखला, पोट फुगलं आणि माझ्या बोटांवर दाब आला तो खालच्या दिशेने. त्या जोर लावत होत्या. आठवडाभर व्यायाम म्हणून त्यांनी नेमकं उलटंच केलं होतं. पण त्यांना दुसरं काय ठाऊक असणार? त्या भागाविषयी आयुष्यात त्यांना एकच गोष्ट सांगितली गेली होती, प्रत्येक बाळंतपणात, “जोर लाव.”

मॅडम म्हणाल्या, “चारचौघांत वारा सरू नये म्हणून कसं धरता? तसंच, पण आत आणि वर. श्वास चालू ठेवा.” मावशी खुदकन हसल्या. दुसऱ्या प्रयत्नाला माझ्या बोटांना हलकीशी पकड जाणवली, बाळाने मूठ मिटावी तेवढी. पाचपैकी दोन, असं मी लिहिलं. हे मोजमाप मी परीक्षेत कितीदा लिहिलं होतं, हाताला ते त्या दिवशी कळलं. मी मावशींना सांगितलं, मी चुकीचं शिकवलं होतं, माफ करा. त्यांनी माझा हात नुसता थोपटला.

अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरने १९४८ साली हे व्यायाम मांडले तेव्हा त्याबरोबर एक उपकरणही दिलं होतं, बाईला स्वतःचं आवळणं दिसावं म्हणून. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, हे तेव्हापासूनच माहीत आहे. तरी आपण ओपीडीत छापील कागद हातात देतो आणि पुढच्या नंबरला बोलावतो.

मग तीन दिवसांची लघवीची नोंदवही. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून आम्ही चित्रं ठरवली. पाणी प्यायलं की तांब्या, लघवीला थेंब, कपडा ओला झाला की चांदणी. सातवीतली नात रोज संध्याकाळी आजीला विचारून काढत होती. कागद परत आला तेव्हा त्याच्या कोपऱ्याला माशाचा एक खवला चिकटलेला होता. पहाटे साडेचारपासून दुपारी दीडपर्यंतच्या रकान्यात एक चहा. तांब्या एकही नाही. मी कारण विचारलं तेव्हा मावशींनी उलट मलाच विचारलं, “बाजारात मुतूक खय जातलंय गो?”

बाजाराजवळच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे हे कुणाला माहीत नाही. मला याचा अजूनही राग येतो. नऊ तास पाणी न पिता बसायचं, लघवी घट्ट होते, मूत्राशयाला चुरचुर लावते, शौचाला कडक होतं, कुंथावं लागतं, झोळीवर आणखी दाब. आम्ही स्नायू बळकट करायला निघालो होतो आणि अर्धं दुखणं त्या कुलपात होतं. शेवटी बाजारामागच्या एका ओळखीच्या घरी सकाळी दहाला जायचं असं मावशींनीच ठरवून घेतलं, आणि त्या भरवशावर दहाच्या आत एक तांब्या पाणी कबूल केलं.

व्यायामाचं प्रमाण साधं आहे: एका वेळी आठदा आवळायचं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आम्ही ते त्यांच्या दिवसाला बांधलं. लिलावाची वाट बघताना, बाजारात बसल्यावर, रात्री आडवं झाल्यावर. खोकण्याआधी आवळायचं. टोपली उचलण्याआधी आवळायचं, श्वास सोडत उचलायची, आणि डोक्यावर घ्यायला शेजारणीचा हात मागायचा.

प्रसूती वॉर्डातलं काम त्या मानाने सोपं गेलं. सिझर झालेल्या बाळंतिणीला खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायला शिकवायचं. जादा उशी नसायची, तेव्हा चादरीची जाड घडी. उठताना आधी कुशीवर, मग हाताच्या रेट्याने. एका सासूबाईंचं म्हणणं होतं, सव्वा महिना काही हलायचं नाही, पोट बांधलं की झालं. मी म्हटलं, बांधा, आधार मिळतो, पण स्नायूचं काम पट्टा करणार नाही. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. पण दुपारी त्याच सासूबाई जिन्याशी उभ्या होत्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, “तसा माका पण होता गो.” मी त्यांना तिथेच खाली बसवून घेतलं आणि आधी वारा धरण्याचं सांगितलं.

चौथ्या आठवड्यात मावशींची दुसरी नोंदवही आली. तीन दिवसांत पहिल्या वेळी अकरा चांदण्या होत्या, आता आठ. सकाळच्या रकान्यात रोज एक तांब्या. पकड अजून दोनच. तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत होत नाही, आणि माझं पोस्टिंग त्या शनिवारी संपत होतं. पुढच्या इंटर्नसाठी मी केस पेपरच्या मागे लिहिलं: ‘आवळताना श्वास रोखतात, पोटाकडे लक्ष ठेव. धार थांबवायला सांगू नकोस. दहा वाजताचं घर चालू आहे का विचार. वही नात भरते, तिच्यासाठी रंगीत पेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.’