पुण्यातला गेम स्टुडिओ परदेशी कंपनीला विकताना: माझा अनुभव

आमच्या स्टुडिओत हिशेब आणि करार माझ्याकडे होते, त्यामुळे विक्रीचे सगळे कागद माझ्या हातून गेले. ‘रियल क्रिकेट’ बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमधला नियंत्रणाचा हिस्सा २०२५ मध्ये कोरियाच्या क्राफ्टनने सुमारे ११८ कोटी रुपयांना घेतला, तेव्हापासून लहान स्टुडिओवाल्यांमध्ये हा विषय सारखा निघतो. त्यांना उपयोगी पडेल असं लिहितोय.

स्टुडिओ विकत घेणारा एकूण डाउनलोडवर भुलत नाही. तो कोहोर्ट मागतो: एका आठवड्यात गेम घेतलेल्यांपैकी पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती जण परत आले, आणि त्यांनी ९० दिवसांत किती पैसे आणले. जाहिरातीतून आलेले खेळाडू आणि आपसूक आलेले खेळाडू वेगळे दाखवावे लागतात. क्रिकेटच्या गेममध्ये आयपीएलचे आठवडेही वेगळे काढून द्यावेत, नाहीतर वर्षभराची सरासरी फुगलेली दिसते आणि पुढच्या सगळ्याच आकड्यांवर संशय घेतला जातो.

हिशेब उदाहरणाने सांगतो. एका खेळाडूकडून ९० दिवसांत कर वजा जाता १५ रुपये आले. ९ गेममध्ये दाखवलेल्या जाहिरातींचे, ६ गेममधल्या खरेदीचे. खरेदीवर अ‍ॅप स्टोअरचा वाटा १५ टक्के, म्हणजे ९० पैसे. हाती राहिले १४ रुपये १० पैसे. तो खेळाडू मिळवायला १२ रुपये लागले असतील तर सुटतात २ रुपये १० पैसे, आणि त्यातूनच सर्व्हर, पगार, भाडं भागवायचं. वर्षाची उलाढाल १० लाख डॉलरच्या पुढे गेली की गूगल वरच्या रकमेवर एरवी ३० टक्के घेत आलंय, तेव्हा ‘गेम दुप्पट वाढला तर’ हा तक्ता त्या दराने करावा.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला कॉपीराइटने, आणि माझ्या मते भावही इथेच पडतो. पगारी माणसाने नोकरीत केलेलं काम कंपनीचं होतं. बाहेरच्या चित्रकाराचं, संगीतकाराचं काम मात्र पैसे चुकते केले तरी साधारणपणे त्याचंच राहतं, लेखी हस्तांतरण होईपर्यंत. त्या कागदातही कॉपीराइट कायद्याचं कलम १९ आडवं येतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क एका वर्षात वापरला नाही तर तोही परत जातो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. गेम जगभर विकला जातोय आणि पार्श्वसंगीताचा हक्क भारतापुरता, हे घेणाऱ्याच्या वकिलाला पहिल्याच वाचनात दिसतं. म्हणून ‘संपूर्ण जगासाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, वापर झाला नाही तरी हक्क परत जाणार नाही’ हे तिन्ही शब्दशः हवं. सोबत प्रत्येक फॉन्टचा, आवाजाचा, विकत घेतलेल्या थ्रीडी मॉडेलचा परवाना आणि पावती एका तक्त्यात लावावी. जुन्या कलाकारांच्या सह्या बोलणी सुरू होण्याआधीच घ्याव्यात. विक्रीची कुणकुण लागल्यावर सहीचा दर वाढतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पैसे कसे मिळणार हेही आधी समजून घ्या. झिंगा या अमेरिकी गेम कंपनीने २०१८ मध्ये ग्रॅम गेम्स हा स्टुडिओ घेताना २५ कोटी डॉलर आधी दिले आणि पुढची तीन वर्षं नफ्यानुसार आणखी रक्कम देण्याचं ठरवलं. भारतात राहणारा भागधारक परदेशी कंपनीला शेअर विकतो तेव्हा असं सरळ जमत नाही. फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांनुसार एकूण रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच पैसे मागे ठेवता येतात, तेही करारापासून १८ महिन्यांच्या आत. त्यामुळे कामगिरीची अट छोट्या मुदतीत बसवावी लागते. किंमत प्रमाणित मूल्यांकनापेक्षा कमी चालत नाही, आणि एफसी-टीआरएस फॉर्म (अशा शेअर विक्रीची माहिती देणारा) शेअर हस्तांतर किंवा पैसे मिळणं, यातलं जे आधी घडेल त्यापासून ६० दिवसांत बँकेमार्फत भरायचा.

राहिली स्टोअरची खाती. कंपनीचे शेअर विकले की कंपनीच्या नावावरचं खातं आपोआप सोबत जातं. पण सुरुवातीचे गेम बहुधा संस्थापकाच्या वैयक्तिक खात्यावर असतात. ते कंपनीच्या खात्यावर करार होण्याआधीच न्यावेत. प्ले स्टोअरवर दोन्ही खात्यांच्या नोंदणीचा व्यवहार क्रमांक लागतो. रेटिंग, अभिप्राय, वापरकर्ते सोबत जातात, पैशांचे जुने अहवाल जात नाहीत, म्हणून ते आधी उतरवून घ्या. फायरबेस (खेळाडूंचा डेटा ठेवणारी गूगलची सेवा) आणि अ‍ॅडमॉब (गूगलची जाहिरात सेवा) वेगळे हलवावे लागतात. आयफोनवर ‘साइन इन विथ अ‍ॅपल’ असेल तर प्रत्येक वापरकर्त्याची ओळख ६० दिवसांत नव्या खात्याशी जोडावी लागते, नाहीतर खेळाडू लॉगिन करतो आणि त्याला कोरा, पहिल्या लेव्हलचा गेम दिसतो.