दादर ते लोणावळा: स्लोला बंद पडणाऱ्या दोन गाड्या आणि त्यांची दोन कारणं

मार्ग दादर टीटी, सायन, चेंबूर, मानखुर्द, वाशी खाडीपूल, कळंबोली, पळस्पे फाटा, चौक, खोपोली, बोरघाट, लोणावळा. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी आहे, त्यामुळे कळंबोलीला पाट्या वाचून पनवेल-पळस्प्याकडे वळायचं आणि पुढे जुना हायवे धरायचा. अटल सेतूवरही मोटारसायकल चालत नाही, म्हणून वाशीचाच पूल.

गाड्या दोन, एक १०० सीसी आणि एक १५० सीसी. दोन्ही कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग), दोन्ही पावसाळाभर सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या होत्या. ऑक्टोबरात बाहेर काढल्या. चेंबूरच्या सिग्नलपर्यंतच दोघी आळीपाळीने बंद पडू लागल्या. वरवर तक्रार एकच, गाडी स्लोला, म्हणजे ॲक्सलेटर सोडल्यावर, चालू राहत नाही. कारणं मात्र पूर्ण वेगळी निघाली. म्हणून सगळ्यात आधी सांगतो: एअर स्क्रूला (कार्ब्युरेटरवरचा हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवणारा स्क्रू) हात लावू नका. बिघाड शोधण्याआधी स्क्रू फिरवला की मूळ सेटिंग जातं, आणि एकाचे दोन बिघाड होतात.

स्क्रूऐवजी गाडी कधी बंद पडते ते बघायचं. १०० सीसी थंड असताना चोक ओढला की नीट चालायची, चोक सोडला की गप्प. पण ५० च्या वेगाला तिला काहीच त्रास नव्हता. म्हणजे मेन जेटचा रस्ता साफ, स्लो जेटचा तुंबलेला. (जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची नळी; मेन जेट वेगाला, स्लो जेट ॲक्सलेटर सोडल्यावर.) १५० सीसीचं उलट होतं. थंड असताना शांत, आणि चेंबूरपर्यंत इंजिन तापलं की ॲक्सलेटर सोडूनही आरपीएम वरच लटकायचा, मग एकदम खाली येऊन बंद. लटकणारा आरपीएम बहुतेक वेळा बाहेरून हवा ओढली जात असल्याची खूण असतो. (आधी ॲक्सलेटरची केबल बघून घ्या. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवल्यावर आरपीएम बदलत असेल तर केबल ताणली जाते आहे, कार्ब्युरेटर निर्दोष.)

पहिला थांबा खाडीपुलाच्या अलीकडे, मानखुर्दला घ्या. पुलावर गाडी बंद पडली तर उभं राहायला सुरक्षित जागा नाही. इथे दोन तपासण्या, दहा मिनिटांच्या. इंजिन गार होऊ द्या, जवळपास कुणी बिडी-सिगरेट ओढत नाही ना ते बघा. कार्ब्युरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडा आणि टाकीखालचा कॉक उघडा. अर्धा मिनिट अखंड धार यायला हवी. सुरुवातीला जोरात येऊन मग बारीक झाली, आणि टाकीचं झाकण उघडताच पुन्हा वाढली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. ‘पंधरा मिनिटं छान चालते, मग बंद, थोडं थांबलं की पुन्हा चालू’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हे भोक किंवा कॉकची जाळी असते, आणि लोक ठिणगीची कॉइल बदलत बसतात.

दुसरी तपासणी फ्लोट बाउलची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीची. तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. १०० सीसीच्या बाटलीत तळाशी गढूळ थर स्पष्ट दिसला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा शोषतं. मुंबईचा पावसाळा आणि अर्धी रिकामी टाकी, मग पाणी-इथेनॉलचा थर तळाला बसतो आणि फ्लोट बाउल नेमका तिथूनच भरतो. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. आधीच्या पेट्रोलवर खपून जाणारा अर्धवट कचरा आता स्लोला जाणवतो.

बाउल रिकामा करून गाडी कळंबोलीपर्यंत चोकवर आणली आणि तिथे सावलीत कार्ब्युरेटर उतरवला. स्लो जेटचं भोक किती बारीक, तर ३८ नंबरचा जेट म्हणजे साधारण ०.३८ मिमी. उजेडाकडे धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. क्लीनर स्प्रे मारा, पाच मिनिटं भिजू द्या, मग वायरमधली तांब्याची एक तार आरपार घाला. सुई किंवा टाचणी अजिबात नको. भोक किंचित जरी मोठं झालं तरी जेट वाया गेला. बरेच जण जेट साफ करून थांबतात, चूक तिथे होते. जेटच्या पुढचा मार्गही तुंबलेला असतो. जेट काढलेल्या जागेतून स्प्रे मारल्यावर तो कार्ब्युरेटरच्या घशातल्या, स्लाइडजवळच्या (ॲक्सलेटरबरोबर वर-खाली होणारा भाग) बारीक भोकांतून बाहेर आला तरच काम झालं. पंक्चरवाल्याकडची हवा मारायची असेल तर फ्लोट आणि रबरी भाग आधी काढा.

१५० सीसीचा निकाल खोपोलीत लागला. गाडी तापवून स्लोला ठेवली आणि कार्ब्युरेटर व इंजिन यांच्यातल्या मॅनिफोल्डच्या रबरावर इस्त्रीच्या बाटलीने पाण्याचा फवारा मारला. आरपीएम लगेच बदलला. गॅरेजात हेच काम क्लीनर स्प्रेने करतात, पण तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, पाणीच बरं. खालच्या बाजूने भेग होती. थंड असताना मिटलेली, रबर तापलं की उघडणारी. रस्त्यावरचा उपाय म्हणजे सायकल ट्यूबची पट्टी ताणून तीन वेढे आणि वर क्लॅम्प. एवढ्यावर लोणावळा आणि परत दादर होतं, त्यापुढे विसंबू नका. नवं रबर आणि ओ-रिंग कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या पार्ट्सच्या दुकानांत बघा. जुना भाग सोबत न्या, कारण तोंडाचा व्यास मॉडेलप्रमाणे बदलतो.

आता स्क्रूची पाळी. इंजिन पूर्ण तापलेलं हवं. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, उघडला की मिश्रण पातळ. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, उघडला की दाट. हलक्या हाताने पूर्ण बंद करा (जोर दिला तर टोक आणि बैठक दोन्ही खराब) आणि दीड ते दोन फेरे उघडा. मग पाव-पाव फेरा फिरवत आरपीएम सर्वांत जास्त कुठे होतो ते शोधा, आणि आयडलिंगच्या (स्लोचा आरपीएम ठरवणाऱ्या) स्क्रूने तो १४०० च्या आसपास आणा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर जेट अजून तुंबलेला आहे, पुन्हा उघडा.

लोणावळा ६०० मीटरच्या थोडं वर आहे. हवा साधारण ६ टक्के विरळ. तेवढ्यासाठी जेट किंवा सेटिंग बदलायची गरज नाही. वर बदललं तर मुंबईत उतरल्यावर तीच गाडी पुन्हा स्लोला बंद पडेल. परतीच्या उतारावर इंजिन बंद करू नका. ॲक्सलेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट वाजलं तर स्लोचं मिश्रण अजून पातळ आहे किंवा सायलेन्सरचं गॅस्केट गळतंय.

हे सगळं करूनही गाडी फक्त तापल्यावरच बंद पडत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर जुळवायची जागा) बघा. मिस्त्री आवाज घालवायला टॅपेट घट्ट करून देतात. मग तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं. इंजिन रात्रभर गार झाल्यावर मॅन्युअलमधलं अंतर फीलर गेजने ठेवा. थोडी टिकटिक चालते.

सोबत ठेवा: योग्य गॅप लावलेला नवा प्लग आणि प्लग पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर (एक बुटका), अर्धा मीटर पेट्रोलची नळी, ट्यूबची पट्टी, क्लॅम्प, तांब्याची तार, पारदर्शक बाटली. पुढच्या जूनमध्ये गाडी झाकून ठेवणार असाल तर टाकी गच्च भरा, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, आणि मग ड्रेन स्क्रू उघडून बाउलातला उरलेला थेंबही काढा.