काकूंना क्लच नको होता

सेकंडहँड गाडी घ्यायच्या आधी तपासून द्या म्हणून येणारी गिऱ्हाईकं आता आमच्याकडे बरीच असतात. वागळे इस्टेटला गॅरेज आहे, ठाणे-मुलुंडची लोकं येतात, गाडी जवळजवळ पसंत केलेली असते, एजंट शेजारी उभा असतो आणि आपण तासाभरात हो की नाही सांगायचं. बाहेरच्यांना माहीत नसतं ते एवढंच की यात इंजिन बघायला मला सगळ्यात कमी वेळ लागतो. पेट्रोल इंजिन आजकाल ऑइल वेळेवर बदललं तर सहसा दगा देत नाही. वेळ जातो तो लिफ्टवर, गाडीच्या खाली. पण ही केस नुसत्या तपासणीची राहिली नाही आणि अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

काका-काकू नौपाड्याचे, जुनं गिऱ्हाईक. काका आधीच रिटायर झालेले, काकू यंदा शाळेतून रिटायर झाल्या आणि फ्लॅट भाड्याने देऊन दोघं कायमचे गुहागरला चालले होते, खालचा पाट म्हणून तिथे वस्ती आहे, तिथल्या काकांच्या वडिलोपार्जित घरी. मागच्या अंगणातून निघालं की नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. जुन्या गाडीला पंधरा वर्षं होत आलेली, रजिस्ट्रेशन संपायला आलेलं, ती इथेच काढून टाकायची ठरली. नवी कशी हवी विचारलं तर काका म्हणाले, "साधी पाहिजे. शक्यतो बिघडू नये, आणि बिघडली तर तिकडच्या माणसाला उघडता आली पाहिजे." मला खरंच बरं वाटलं ऐकून. लोकं ॲव्हरेज विचारतात, रिसेल विचारतात, स्क्रीन केवढी ते विचारतात. उघडता येईल का हे कुणी विचारत नाही.

मुलगा पुण्याला असतो, त्याने आधीच एक गाडी बघून ठेवली होती. डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ऑटोमॅटिक, सनरूफ. गाडी चांगली होती, खोटं कशाला बोलू, नीट वापरलेली होती. पण मी नाही म्हटलं आणि त्याला ते आवडलं नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जळायला आत सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, आणि ते कधी मिळतं तर गाडी हायवेला सलग पळली की. ठाण्याहून पुण्याला जाणाऱ्या माणसाला काही प्रॉब्लेम नाही. पण गुहागरात काका गाडी नेणार कुठे, बाजारात, व्याडेश्वरच्या देवळात, फार तर शेजारच्या शृंगारतळीला. रोज दोन-तीन किलोमीटर थंड इंजिनावर. फिल्टर भरत जाणार, दिवा लागणार, मग गाडी ताकद सोडणार, आणि मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारं यंत्र, असलेला माणूस शोधत चिपळूण गाठायचं. बरं, ती गाडी जवळपास एक मीटर ऐंशी सेंटीमीटर रुंद. पाटातल्या घरांचे बोळ ज्याने बघितलेत त्याला कळेल, दोन्ही बाजूला जांभ्याचा गडगा आणि मध्ये बैलगाडीपुरती वाट. सनरूफबद्दल तर मी काकांना फक्त एवढंच विचारलं की गाडी उभी कशाखाली राहणार. माडाखाली, म्हणाले. वरून नारळ नाही पडला तरी माडाचा कचरा आहेच, सनरूफचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या त्याने तुंबतात आणि पाणी आत सीटवर.

मुलगा म्हणाला, "मग दादा, इलेक्ट्रिकच घेऊ ना, त्यात बिघडायला काही नाहीच." त्याचा मुद्दा चुकीचा नाही, हलणारे भाग खरोखर कमी असतात. पण काकूंनीच उत्तर दिलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्यांच्या दापोलीकडच्या नातेवाइकांकडे किती तरी दिवस लाइट नव्हती, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. घरात एकच गाडी असणार आणि तीही लाइटवर, हे त्यांना पटेना. पेट्रोलची टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेवता येते, हा साधा हिशोब. मुलगा प्रेमाने करत होता हे दिसत होतं, पण शनिवार-रविवारी जाणाऱ्याची गाडी आणि तिथे राहणाऱ्याची गाडी वेगळी असते, ते त्याच्या लक्षात येत नव्हतं.

मग एजंटने एक पेट्रोल हॅचबॅक आणली, मॅन्युअल, एमएच-०६ म्हणजे रायगड पासिंग. चकाचक. बोनेट उघडलं तर इंजिन पुसून पॉलिश मारलेलं, किलोमीटर कमी, किंमत कमी, स्कॅनर लावला तर एकही एरर नाही. खाली बघितलं तर पूर्ण अंडरबॉडी काळ्या रबर कोटिंगने झाकलेली, नवीकोरी. एजंट म्हणाला बघा, मालकाने किती काळजी घेतलीय. मला नेमकं तेच खटकलं. गाडी विकायच्या महिन्यात कुणी कोटिंग करत नाही.

समुद्रकाठी गाडीचं काय होतं ते जरा सांगतो, कारण इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं पाणी लागलं तरच गंज. पण खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचा बारीक थर सगळीकडे बसतो आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणी सोडते ना, तेच. कोकणात पहाटे हवा अशीच असते, म्हणजे पाऊस नसला तरी गाडीचा पत्रा रोज रात्री खाऱ्या पाण्यात ओला. वरचं अंग पावसाने तरी धुतलं जातं, चाकांच्या कमानीची आतली बाजू, दाराखालचा रनिंग बोर्ड, क्रॉस मेंबरचे कोपरे, ब्रेकचे लोखंडी पाइप, इथे मीठ बसलं की बसलं. त्यावर कुणी रबर कोटिंग फासलं तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून सडत जातो, बाहेरून काळं कुळकुळीत दिसत राहतं.

तर मी पेचकस उलटा धरला आणि मुठीने ठोकत निघालो. मागच्या डाव्या चाकापासून पुढे. चांगला पत्रा टण वाजतो. रनिंग बोर्डच्या मध्यापर्यंत टण, टण, आणि मग एकदम थप. परत ठोकलं, थप. गॅरेजातल्या पोराला टॉर्च धरायला लावला, पेचकस सरळ केला आणि अंगठ्याने दाबला, ठोकला नाही, नुसता दाबला, तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर त्याच्यामागून तपकिरी खपल्या आणि चिमूटभर वाळू माझ्या मनगटावर पडली. रनिंग बोर्डच्या खाली पाणी जायला भोकं असतात, ती सगळी कोटिंगने बुजवून टाकलेली. एजंट ओरडायला लागला, अहो गाडीला भोक पाडलंत! मी म्हटलं भोक आधीपासून होतं, मी नुसतं दाखवलं. जॅक लावायची जागा म्हणजे हीच, उद्या काका पंक्चरला जॅक लावतील आणि तो आत घुसेल तेव्हा काय. ज्याने हे कोटिंग केलं त्याला आत काय आहे ते नक्की दिसलेलं असणार. पैसे मिळतात म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या जिवाशी असा खेळ करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, आणि या धंद्यात ते भरपूर आहेत.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललेलं. मी काकांना म्हटलं, वॅगनआर बघू. उंच आहे, बसताना गुडघे वाकवावे लागत नाहीत, रुंदी १६२० मिलीमीटर, बोळातून आरामात जाईल, आणि पार्ट शृंगारतळीलाही मिळेल. मॅन्युअल पेट्रोल घ्या, सीएनजीचं सिलिंडर नको, दर तीन वर्षांनी टेस्टिंग आणि वर डिकी जाते. ठाण्यातच राहिलेली, सोसायटीच्या पार्किंगमधली शोधतो. काका खूश.

तेव्हा काकू बोलल्या. तोपर्यंत स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. "अरे, मला एक सांग. हे आजारी पडले रात्री, तर ही साधी गाडी चालवणार कोण?"

काकांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. मी म्हटलं काकू, १०८ आहे. त्या म्हणाल्या, "१०८ ला फोन करीनच रे. पण ती येईपर्यंत मी काय करू? चिपळूण पंचेचाळीस किलोमीटर आहे." मी म्हटलं म्हणून तर मॅन्युअल घ्या, शेजारपाजारचं कुणीही चालवू शकेल. त्यावर त्या म्हणाल्या, "शेजारी कोण आहे? आमच्या आळीत सगळी आमच्याच वयाची. पोरं इकडे आहेत, ठाण्यात नि डोंबिवलीत. तीच तर तुझ्याकडे गाड्या घेऊन येतात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काकूंकडे फोर व्हीलरचं लायसन्स आहे, चालू आहे. पण क्लच त्यांना कधी जमला नाही, चढावर गाडी बंद पडायची आणि मागून हॉर्न, मग त्यांनी नादच सोडला. स्कूटर मात्र वर्षानुवर्षं चालवलीय, नौपाडा ते शाळा, भर ट्रॅफिकमधून. म्हणजे रस्ता कळतो, अंदाज आहे, फक्त डावा पाय नको. त्यांना ऑटोमॅटिक हवी होती, आणि माझ्या बजेटमध्ये, माझ्या रुंदीत बसणारी ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी.

एएमटी वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे २०१४ ला मारुतीच्या सेलेरिओमधून आली, आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचप्लेटही तीच, फक्त तुमच्या पाया-हाताचं काम एक हायड्रॉलिक पंप आणि कॉम्प्युटर करतो. पण बिघडली तर तो पंप, त्याचे सेन्सर, त्याचे कनेक्टर, आणि क्लचप्लेट बदलल्यावर स्कॅनरवर सेटिंग. म्हणजे काकांनी पहिल्या दिवशी जे मागितलं, तिकडच्या माणसाला उघडता आली पाहिजे, ते गेलं. खाऱ्या हवेत कनेक्टर सगळ्यात आधी हिरवे पडतात. मी हे सगळं सांगितलं, दोन वेळा सांगितलं. काका माझ्या बाजूने. मुलगा पहिल्यांदाच गप्प. काकू म्हणाल्या, "बंद पडली तर बघू. चालू असून मला चालवता आली नाही तर?"

शेवटी २०१९ ची वॅगनआर एएमटी घेतली, एमएच-०४ म्हणजे ठाण्याचीच, एकच मालक. खालून स्वच्छ, ठोकून बघितली, सगळीकडे टण. मग मी माझ्या परीने जे जमेल ते केलं. दारांची आणि रनिंग बोर्डची भोकं मोकळी केली, आतल्या पोकळीत नळीने मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स मारलं, खाली काळं रबर अजिबात नाही, पारदर्शक वॅक्स कोटिंग, म्हणजे गंज आलाच तर दिसेल. एएमटीचा प्रत्येक कनेक्टर काढून सिलिकॉन ग्रीस भरलं. अर्थिंगची पट्टी नवीन. मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून साफ. काकूंना सांगितलं, पंधरा दिवसांनी पाइप घेऊन कमानीच्या आतून आणि खालून धुवायचं, पण विहिरीचं पाणी आधी चाखून बघा, उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात आणि त्या पाण्याने धुतलं तर उलटंच. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, ओल कोंडते, झावळ्यांचा चारी बाजूंनी उघडा मांडव पुरे. आणि पाहुणे आले म्हणून गाडी वाळूत उतरवायची नाही, कुणीही कितीही आग्रह केला तरी. तीन हात नाका ते घोडबंदर दोन रविवार शेजारी बसून त्यांना शिकवलं. उड्डाणपुलाच्या चढावर हँडब्रेक ओढून गाडी धरायची आणि सोडायची, ते त्यांना माझ्या कितीतरी तरुण गिऱ्हाइकांपेक्षा चांगलं जमलं.

आता तिकडे काकूच गाडी चालवतात. शृंगारतळीला बाजार, काकांचं चेकअप असलं की चिपळूण. मध्ये फोन आला, आठवडाभर पाऊस लागून राहिला, गाडी काढली नाही आणि बॅटरी उतरली. मॅन्युअल असती तर दुसऱ्या गिअरला टाकून ढकलली असती, एएमटी ढकलून चालू होत नाही. त्यातून गाडी गिअरमध्ये ठेवून बंद केलेली, म्हणजे चाकंही अडकलेली, जागची हलेना. आणि तसं ठेवायला मीच सांगितलं होतं, कारण खाऱ्या हवेत हँडब्रेक दिवसेंदिवस ओढून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटतात. आता सपाट जागा, न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा आणि दोन चाकांना लाकडी उटी, असं ठरलंय. एक खरं, त्या दिवशी रात्री काकांना काही झालं असतं तर दोन्हीपैकी कुठली गाडी बरी पडली असती हे मी अजून मनात घोळवतोय. मॅन्युअल ढकलायला तरी माणसं लागलीच असती.

डिकीत जंप केबल दिलेली आहे, पण केबलला दुसरी गाडी लागते आणि त्यांच्या आळीत दुसरी गाडी मे महिन्यात नि गणपतीतच असते. म्हणून एक छोटा बॅटरीवाला जंप स्टार्टर घेऊन ठेवलाय, गणपतीला तिकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाबरोबर पाठवतोय. महिन्याला एकदा तो चार्ज करायचा, आणि ते काकूंनाच सांगणार आहे.