पालेकरांनी स्वतःला काय दिलं

आमच्या गोव्यात, माशेलच्या बाजूला उत्सवाचं नाटक बसवायला घेतलं की एक गोष्ट ठरलेली: दिग्दर्शक जो, नायक तोच. तालमीला सगळ्यांत उशिरा येणाराही बहुतेक तोच.

अमोल पालेकरांना हा हक्क कुणी नाकारला नसता. १९७४च्या ‘रजनीगंधा’पासून त्यांची जी प्रतिमा झाली, ती कुठल्याही आईला जावई म्हणून चालावी अशी. आणि १९८१ला दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट काढला तो ‘आक्रीत’. परभणीकडच्या मानवत गावातल्या खुनांवर बेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात स्वतःकडे भूमिका कोणती घेतली, तर अंधश्रद्धेपायी कोवळ्या पोरींचे बळी घेणाऱ्या माणसाची! भलेपणावर गल्ला जमत असताना असं करायला धमक लागते. (‘भूमिका’त बेनेगलांनी त्यांच्यातला काळा रंग आधीच दाखवला होता, हेही खरंच.)

पुढे १९८५चा ‘अनकही’, चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावरून. खानोलकर म्हणजे आमच्या तेरेखोल नदीपलीकडचे, वेंगुर्ल्याच्या मुलखातले. त्यामुळे आम्हाला ते परके वाटतच नाहीत. पहिली बायको बाळंतपणात जाईल, असं ज्योतिषी बाप मुलाचं भविष्य सांगतो. मुलगा काय करतो? प्रेम एकीवर, म्हणून आधी दुसऱ्याच एका भोळसर मुलीशी लग्न लावतो. मरायचं ते तिने मरावं! हा मुलगा पुन्हा पालेकरच. आवाज तोच मवाळ, नजर तीच खाली झुकलेली, आणि आत हिशेब चाललेला. मला त्यांचं सगळ्यांत भेदक काम हेच वाटतं.

त्यानंतर ते कॅमेऱ्यामागेच रमत गेले. गोवा घटक राज्य झालं त्या १९८७ साली दूरदर्शनवर ‘कच्ची धूप’, तीन बहिणींची गोष्ट; भाग्यश्री पहिल्यांदा दिसली ती त्यात. ‘थोडासा रूमानी हो जाएँ’मध्ये पाऊस विकायला आलेला लफंगा नाना पाटेकर. लग्न जमत नाही म्हणून खचलेल्या बिन्नीला तो सांगतो, तू सुंदर आहेस. आणि बिन्नी झालेल्या अनिता कंवरच्या चेहऱ्यावर आधी विश्वास नाही, राग येतो. नट असलेल्या माणसालाच तो राग सुचावा. ‘बनगरवाडी’त तर माणसांइतकाच माळ बोलतो.

त्यांचा ‘पहेली’ भारतातर्फे ऑस्करला गेला. जाऊ दे. मला विचाराल तर ‘अनकही’ आधी बघा.